फळीपलीकडचा श्वास

(महाड, सन १९३४. कार्तिकातली पहाट. निवृत्त हेडमास्तर चिंतामणी यांच्या घराची मागची पडवी. त्यांची पत्नी गोदावरी आणि सून प्रमोदिनी.)

गोदावरी : कळशी ठेव. आधी कळशी खाली ठेव, मग बोल.

प्रमोदिनी : काही नाही झालं, आई.

गोदावरी : काही न होता ओठ असे निळे पडत नाहीत. बस इथं पायरीवर. पाठ खांबाला टेक.

प्रमोदिनी : विहिरीवर वाकले... आणि मग...

गोदावरी : बोलू नकोस.

प्रमोदिनी : आत जात नाही, आई. हवा आत जातच नाही.

गोदावरी : जाते. जात नसती तर ‘जात नाही’ म्हणायला तरी कुठून आली? माझ्याकडे बघ. हं, तशी. किती दिवस चाललंय हे?

प्रमोदिनी : आजच.

गोदावरी : आणि परवा तुळशीपाशी कट्ट्याला धरून उभी होतीस, ते?

प्रमोदिनी : तुम्ही पाहिलंत?

गोदावरी : या घरात मी सगळं पाहते. बोलत नाही, इतकंच. सातवा लागलाय तुला. आता लपवाछपवी पुरे.

प्रमोदिनी : मामंजींना सांगू नका. आणि मुंबईला तर मुळीच कळवू नका. हे रजा काढून येतील आणि म्हणतील, चल इकडे, मोठ्या दवाखान्यात. मोटारीत बसायचं नुसतं मनात आलं तरी असंच होतं.

गोदावरी : शरदला मी कशाला कळवू? माझाच मुलगा तो. श्वास अडकला म्हणून लिहिलं, तर इथं पोचेपर्यंत त्याचाच अडकेल. माहेरी कुणाला दमा आहे का?

प्रमोदिनी : नाही हो. पेणला मी मुलांबरोबर सूरपारंब्या खेळायची. हे सगळं त्यानंतरचं.

गोदावरी : पहिल्या बाळंतपणानंतरचं?

प्रमोदिनी : हो.

गोदावरी : दीड वर्ष झालं. तू एकदाही बोलली नाहीस.

प्रमोदिनी : काय बोलू? सगळं होतं त्याला. नखं होती, जावळ होतं. श्वास तेवढा घेतला नाही त्यानं. खोलीतल्या सगळ्या बायका थांबल्या होत्या. आता रडेल, मग रडेल. मीही थांबले होते, श्वास रोखून. आणि मग कुणीतरी म्हणालं, झाकून ठेवा.

गोदावरी : हं.

प्रमोदिनी : तेव्हा मी श्वास घेतला, आई. मोठा. छाती भरून. तो आवाज अजून ऐकू येतो मला. त्यानं घेतला नाही आणि मी घेतला. आता श्वास घ्यायला गेलं की वाटतं, हा आपला नव्हेच. आणि याही खेपेला तसंच झालं तर...

गोदावरी : ऊठ.

प्रमोदिनी : काय?

गोदावरी : ऊठ. कळशी राहू दे तिथंच. माझ्याबरोबर कोठीच्या खोलीत चल. सावकाश. आणि बांगड्या वर सरकव, वाजता कामा नयेत.

*

प्रमोदिनी : आई, इथं काळोख आहे.

गोदावरी : हळू बोल. हे नव्या भाताचं पोतं, यावर बस. मी या पाटावर. ही फळ्यांची भिंत दिसते? पलीकडे काय आहे?

प्रमोदिनी : देवघर.

गोदावरी : स्वारी नदीवरून आंघोळ करून येते, पूजा करते, आणि मग दार लोटून घेऊन बसते. ऐक आता. आलं काही ऐकू?

प्रमोदिनी : नाही. हो, आलं. सूं असं. लांबलचक.

गोदावरी : तो आत घेतला. आता?

प्रमोदिनी : आता काहीच नाही.

गोदावरी : तो कोंडून धरलाय. मोज. राम एक, राम दोन, राम तीन...

प्रमोदिनी : हूं झालं.

गोदावरी : सोडला. आता पुन्हा एकदा, दुसऱ्या नाकपुडीनं. आणि त्यानंतर अर्धा तास सगळं शांत.

प्रमोदिनी : हा प्राणायाम आहे?

गोदावरी : मग काय, भजन आहे?

प्रमोदिनी : आणि तुम्ही रोज इथं बसून...

गोदावरी : सोळा वर्षं. दर महिन्याचे बाहेरचे चार दिवस सोडले तर रोज.

प्रमोदिनी : मामंजींना ठाऊक आहे?

गोदावरी : वेड लागलंय तुला? बायकांना का हे असतं? माझ्या भावाची मुंज झाली तेव्हा तो नाक धरून बसायचा. मीही शेजारी बसून नाक धरलं, तर आजीनं हातावर पळी हाणली. अजून आठवते ती पळी. मी मंत्र म्हणत नाही, नाक धरत नाही. नुसती बसते. कोठीच्या खोलीत बसायला कुणाची बंदी आहे? तांदूळ काढायला येते, जरा वेळ लागतो.

प्रमोदिनी : अर्धा तास?

गोदावरी : खडे असतात तांदळात.

प्रमोदिनी : सोळा वर्षं म्हणजे... वेणूवन्सं गेल्या तेव्हापासून?

गोदावरी : मानमोडीचा ताप आला ना, त्या साली. नऊ वर्षांची होती. शेवटचे दोन दिवस तिच्या छातीत पातेल्यात पाणी उकळावं तसा आवाज. तिचा श्वास थांबला आणि माझा अडकला. तुझ्यासारखाच. विहिरीवर, चुलीपाशी, पंक्तीत वाढताना. सांगणार कुणाला? तेव्हा घराघरांतून माणसं जात होती. आपल्या आळीत एका आठवड्यात सात गेली. कोण कुणाचं ऐकणार? एका सकाळी इथं तांदूळ काढायला आले आणि अडकला. या फळीला कपाळ टेकून उभी राहिले. पलीकडून हे आलं. सूं. मग थांबणं. मग हूं. माझं मलाच कळलं नाही, माझाही त्याच्या मागून गेला. गाईमागून वासरू जातं तसा.

प्रमोदिनी : मग?

गोदावरी : मग दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. एवढंच. एका साली सावित्री नदीचं पाणी मागच्या पायरीला लागलं होतं, तरी आले. चल, कर आता. मान सरळ. आत घे. धर. राम एक, राम दोन...

प्रमोदिनी : नाही. नाही होत.

गोदावरी : धर म्हणते ना, थोडासा अजून...

प्रमोदिनी : आई, थांबलं की मला तीच खोली दिसते. सगळ्या जणी थांबलेल्या.

गोदावरी : बरं, बरं. सोड. हळू. रडू नकोस, फळीपलीकडे जाईल. रोज थोडं थोडं वाढवू. आज राम एक, उद्या राम दोन.

*

येसूबाई : काय गो काकी, सुनेला खायला घालता का नुसता वारा पाजता?

गोदावरी : प्रमोदिनी, सुईण आली बघ. आलीस येसू? तुडीलहून चालत? होडी नाही मिळाली?

येसूबाई : होडीवाला झोपलेला. त्याची वाट बगत बसले असते तर इकडं बाळ शाळंत गेलं असतं. हां पोरी, हो आडवी. पोट बगू दे. डोकं खाली हाय, बेस हाय. बाळाला काय नाय झालेलं. पन आईच्या बरगड्या अशा का? दोरखंड वळल्यावानी?

प्रमोदिनी : आई गं. तिथं दुखतंय, येसूबाई.

येसूबाई : दुखंल नायतर काय. वझी उचलतेस?

प्रमोदिनी : नाही. मी बसते.

येसूबाई : बसून बरगड्या दुखतात व्हय?

गोदावरी : सांग तिला. येसू बाहेर बोलायची नाही. शरदच्या वेळेस तिची सासू सुईण होती आणि ही हाताखाली. या घरातलं सगळं तिला ठाऊक आहे.

प्रमोदिनी : श्वास धरते, येसूबाई. रोज पहाटे. काल राम सातपर्यंत गेले आणि डोळ्यांपुढे काजवे आले.

येसूबाई : धरतेस? कशापायी धरतेस?

गोदावरी : तो प्राणायाम असतो. त्यानं मन थाऱ्यावर येतं.

येसूबाई : आलं का गो थाऱ्यावर?

प्रमोदिनी : नाही.

गोदावरी : येईल. जरा दम धर म्हणावं तिला.

येसूबाई : हां, हितंच तर घोळ हाय. काकी, ‘दम धर’ म्हंजे थांब. बाळंतीनीला थांब सांगनारी तुमी पयल्याच बगितल्यात मी. आमी काय सांगतो? दम सोड. सोड गो, सोड. बाई दम धरून बसली की अंग आवळतं. मग बाळानं यायचं कुठनं?

गोदावरी : तुमचं वेगळं, आमचं वेगळं.

येसूबाई : व्हय? बामनीनीचं बाळ कानातनं येतं?

गोदावरी : हसू नकोस गं तू.

येसूबाई : हसू द्या. बगा, हसली तवा दम सुटला तिचा. पोरी, भात कांडलंस कदी?

प्रमोदिनी : इथं आल्यावर. आईंनी शिकवलं.

येसूबाई : मग तुला येतंय की सगळं. मुसळ वर जातं तवा दम आपला आपन आत येतो. खाली पडतं तवा हं करून जातो. मदी कोन धरून बसतो? मदी धरशील तर मुसळ पायावर पडंल. आनि समोरचीचं मुसळ येतंयच ना मागनं. एकीचा हं झाला की दुसरीचा.

प्रमोदिनी : आणि मोजायचं नाही?

येसूबाई : मोजायला कोंबड्या हायत व्हय? हात मांडीवर ठेव. मुसळ नाय, पन हाय समज. वर गेलं. आता खाली. हं.

प्रमोदिनी : हं.

येसूबाई : घाई नको. नवं भात हाय, दाना मोडंल. वर.

प्रमोदिनी : हं.

येसूबाई : बगितलात काकी, खांदे कसे उतरले? आता रोज असंच, तुमच्या त्या पोत्यावर बसून.

गोदावरी : पण येसू, सोळा वर्षं मी जे ऐकत आले ते?

येसूबाई : ते मी काय सांगू? तो दम मास्तरांचा. त्यांनाच इचारा का धरतात ते.

गोदावरी : विचारलं तर कुठून ऐकलं तेही सांगावं लागेल.

येसूबाई : मग नका इचारू. पन हिला धरायला लावू नका. ह्या वक्ताला मला दोगंबी जिती पायजेत, सांगून ठेवते.

*

गोदावरी : अहो, एक विचारायचं होतं.

चिंतामणी : तांदूळ संपले?

गोदावरी : नाही.

चिंतामणी : तू विचारायचंय म्हणून आधी सांगतेस म्हणजे प्रकरण गंभीर आहे. वर्तमानपत्र खाली ठेवू का?

गोदावरी : ठेवा. प्राणायामात श्वास कोंडून धरतात, तो गर्भारशीनं धरला तर चालतो का?

चिंतामणी : मुळीच नाही. आणि शिकवणारा समोर असल्याशिवाय तर कुणीच कोंडू नये. कोण धरतंय? प्रमोदिनी? पोरीचा चेहरा उतरलाय हे पाहतोय मी.

गोदावरी : मी शिकवलं तिला.

चिंतामणी : तू? आणि तुला कुणी शिकवलं?

गोदावरी : तुम्ही.

चिंतामणी : मी?

गोदावरी : रागावू नका. सोळा वर्षं मी कोठीच्या खोलीत बसते, फळीला पाठ लावून. तुम्ही देवघरात प्राणायाम करता तो ऐकते. सूं करून घेता, धरून ठेवता, हूं करून सोडता. मंत्राचा एक शब्द मी उच्चारलेला नाही, तुमच्या गळ्याची शपथ.

चिंतामणी : सूं?

गोदावरी : सूं.

चिंतामणी : दोनदा?

गोदावरी : एकेका नाकपुडीनं.

चिंतामणी : अरे देवा.

गोदावरी : काय झालं? अहो, हसताय काय? मी इथं घाबरून बोलतेय आणि तुम्ही हसताय!

चिंतामणी : अगं, संध्या, प्राणायाम सगळं मी नदीवरच उरकून येतो. थंडीत दात वाजत असतात, कसला सूं आणि कसला हूं. देवघरातली ती... ती तपकीर.

गोदावरी : काय?

चिंतामणी : तपकीर. चिमूट एक, नाकपुड्या दोन.

गोदावरी : आणि धरायचात ते?

चिंतामणी : शिंक. शिंकलो असतो तर तुला कळलं असतं.

गोदावरी : म्हणजे मी सोळा वर्षं शिंक धरली?

चिंतामणी : शिंक मी धरली. तू नुसतीच धरलीस.

गोदावरी : पण तुम्ही तपकीर सोडली होतीत! वेणू मांडीवर बसली की शिंकून शिंकून लाल व्हायची, म्हणून मी देवापुढे तुमच्याकडून वदवून घेतलं होतं.

चिंतामणी : वदलो होतो. सोडली नव्हती. वेणूला ते ठाऊक होतं. ती डबी लपवायची माझी. चुलीमागे, दप्तरात, एकदा तर तांदळाच्या कणगीत.

गोदावरी : कणगीत? अहो, तो कसला वास म्हणून मी सगळे तांदूळ दोन दिवस उन्हात घातले होते! मला वाटलं, कीड लागली.

चिंतामणी : तेव्हा आम्ही दोघं ओटीवर बसून हसत होतो. शेवटची लपवली ती मात्र सापडलीच नाही. ताप यायच्या आदल्या दिवशी. मी विचारलं, वेणू, डबी कुठाय? तर म्हणाली, शोधा. रात्री अंग तापलं. मग विचारायचं राहून गेलं.

गोदावरी : मला हे ठाऊक नाही.

चिंतामणी : तिचे दिवस झाल्यावर पूजेला बसलो. शंख उचलला, तर त्याच्यामागे.

गोदावरी : मला का नाही सांगितलंत?

चिंतामणी : तुझ्याकडे बघवत नव्हतं. घास गिळताना तुला धाप लागायची. मी डबी उघडली, चिमूटभर घेतली. तेव्हापासून रोज तेवढीच, एक. पूजा झाल्यावर. ध्यान वगैरे काही नाही, गोदे. डोळे मिटले की देव दिसायचा नाही, ‘शोधा’ एवढंच ऐकू यायचं. पहिल्या दिवशी तर बसवेना म्हणून उठणारच होतो.

गोदावरी : मग?

चिंतामणी : फळीपलीकडे बांगड्या वाजल्या. मग थांबल्या.

गोदावरी : म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

चिंतामणी : सोळा वर्षं तू काळोखात तांदूळ निवडतेस? हेडमास्तर होतो मी, एवढं गणित येतं मला. बांगड्या थांबल्या की समजायचो, बसली. तुझा श्वास संथ लागला की माझाही लागायचा. तू उठेपर्यंत मी उठायचो नाही.

गोदावरी : आणि तुम्ही उठेपर्यंत मी.

चिंतामणी : म्हणून तर अर्धा अर्धा तास व्हायचा. मनात म्हणायचो, आज ही उठत नाही, चुलीवरची पेज करपणार.

गोदावरी : करपायचीच.

चिंतामणी : खात होतो ना? बोललो कधी?

गोदावरी : एकदा बोलायचं होतंत. एकदा तरी.

चिंतामणी : बोललो असतो तर लाजून यायची बंद झाली असतीस. मग मी कुणाच्या श्वासावर बसलो असतो?

गोदावरी : डोळ्यांत काहीतरी गेलंय माझ्या. तपकीर असेल.

चिंतामणी : असेल. पोरीला सांग, काही म्हणजे काही धरायचं नाही.

गोदावरी : येसूही तेच म्हणाली. उद्यापासून सांगते तसं.

चिंतामणी : आणि पोत्यावर बसवू नकोस. टोचतं ते. माझी घोंगडी घाल खाली.

*

प्रमोदिनी : आई, आज मी बसल्या बसल्या तीनदा पेणला जाऊन आले.

गोदावरी : मी दासगावला जाते. बंदरावर. लग्न होऊन आले तेव्हा तिथं उतरले होते, होडीतून. चिखलात एक जोडवं गेलं. चाळीस वर्षं झाली, अजून तेच शोधते.

प्रमोदिनी : मग करता काय?

गोदावरी : काय करणार? कळलं की परत येते आणि मुसळ उचलते. दूध उतू गेल्यासारखं धावायचं नाही.

प्रमोदिनी : कालपासून विहिरीवर अडकला नाही.

गोदावरी : मी मोजत नाही.

प्रमोदिनी : मोजता तुम्ही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतात.

गोदावरी : लसूण सोलत होते.

प्रमोदिनी : आई, त्या वेळी जमेल मला? इथं पोत्यावर जमतं. तिथं सगळ्या बायका असतील.

गोदावरी : सगळ्या नसतील. येसू आणि मी. दाराला कडी. बाकी कुणाला आत घेणार नाही, माझ्या जावेलासुद्धा नाही. रागावली तर रागावू दे.

प्रमोदिनी : ऐकलंत? मामंजी शिंकले.

गोदावरी : शिंकू दे. सोळा वर्षांच्या साचल्यात.

*

प्रमोदिनी : येसूबाई, नाही आता. नाही होत माझ्यानं.

येसूबाई : व्हतंय गो. सकाळपास्नं तूच करतेस, दुसरं कोन करतंय? माज्याकडं बग.

प्रमोदिनी : आई कुठायत?

गोदावरी : ही काय, तुझ्यासमोर. दुसरं मुसळ माझ्या हातात आहे. तुझा झाला की माझा. वर. हं.

प्रमोदिनी : हं.

गोदावरी : हं.

येसूबाई : कळ आली? येऊ दे. धरू नको. सोड. सगळा सोड. हां, हां, अशी. अजून येकदा. आलं! आलं गो पोरी. मुलगी हाय.

प्रमोदिनी : येसूबाई?

येसूबाई : हां.

प्रमोदिनी : रडत का नाही ती?

येसूबाई : नाळ मानंला व्हती. काढली मी. काकी, ऊन पानी द्या. आनि ते फडकं.

प्रमोदिनी : आई, ती रडत नाही. आई, सगळ्या थांबल्या. पुन्हा सगळ्या थांबल्या.

गोदावरी : मी नाही थांबले. इकडे बघ. प्रमोदिनी, माझ्याकडे बघ. वर. घे.

प्रमोदिनी : नको. मी घेणार नाही. तिला घेऊ दे आधी.

गोदावरी : तू घेतलास म्हणून तिचा कमी होत नाही. त्याचाही झाला नव्हता. ऐकतेस ना? त्याचाही नाही. ती तुझ्यामागून येणार आहे. तू पुढे हो. घे.

प्रमोदिनी : हं.

गोदावरी : हं. पुन्हा.

येसूबाई : पाठ चोळतेय मी. चालू द्या तुमचं, बंद नका करू.

गोदावरी : वर.

प्रमोदिनी : हं.

गोदावरी : हं.

येसूबाई : बगा, बगा काकी. नाक मुरडलंन.

प्रमोदिनी : काय झालं? काय झालं तिला?

येसूबाई : शिंकली गो! शिंकली! आता रडंल बग. हां, रड माजे बाय. रड. अख्ख्या महाडाला ऐकव.

गोदावरी : ऐक, प्रमोदिनी. तो पहिला आवाज खूप ऐकलास. आता हा ऐक.

*

चिंतामणी : पडवीत दोन पाट कशाला?

गोदावरी : सोयर आहे ना दहा दिवस. देवघरात तुम्हाला जाता येत नाही. भटजी येऊन पूजा करून जातील. पण बसायला काय हरकत आहे?

चिंतामणी : इथं मध्ये फळी नाही.

गोदावरी : नसू दे.

चिंतामणी : शेजारी शेजारी? कुणी बघितलं तर म्हणेल, मास्तर म्हातारपणी बिघडले.

गोदावरी : आळीत आधीच म्हणतात तसं. बसा. मी बांगड्या वर सरकवते.

चिंतामणी : नको. वाजू देत. सवय आहे. पोरगी जागी आहे का?

प्रमोदिनी : जागी आहे, मामंजी. खिडकी किलकिली ठेवलीय आईंनी. बाजेवर पडून मीही करतेय.

चिंतामणी : आणि लहान बाई?

प्रमोदिनी : निजलीय. इतके भराभर श्वास घेते, तिच्यामागून जायचं म्हटलं तर धावावं लागेल.

गोदावरी : तू धावू नकोस. तिची ती येईल हळूहळू. आणि बोलू नकोस फार, कानाला फडकं बांधलंयस ना? वारा लागेल.

चिंतामणी : शरदची तार आली. उद्या मोटारीनं पोचतोय. नाव काय ठेवायचं म्हणून विचारलंय.

गोदावरी : तारेतून का नाव ठरतं? बाराव्या दिवशी बघू. मिटा डोळे.

चिंतामणी : मिटले.

गोदावरी : अहो.

चिंतामणी : आता काय?

गोदावरी : आज सूं ऐकू आलं नाही. डबी विसरलात?

चिंतामणी : नाही. भटजींच्या हातून आत ठेवायला दिली. शंखामागे. होती तिथंच.

गोदावरी : का? मी आता नाही म्हणत नाही तुम्हाला.

चिंतामणी : असू दे तिथं. आता मांडीवर पोर येईल. शिंकेल ती.